दोघांत चार गिअर

मार्च लागला की जुईनगरात माझ्या गिरणीवरून जाणारी माणसं शिंकत जातात. नाकाला रुमाल लावतात, डोळे पुसतात, पण रागावत कोणी नाही. उलट दुसऱ्या दिवशी तीच माणसं पिशवी घेऊन हजर होतात, "शालनताई, आमचा नंबर कधी?" म्हणून. बाकीचं वर्ष मी गहू, ज्वारी, तांदूळ दळते. होळीपासून मृगापर्यंतचे तीन महिने मात्र मसाल्याचे. वाळवलेली मिरची, भाजलेले धणे, खोबरं, दगडफूल असं डब्याडब्यांतून येतं आणि कांडप यंत्राची लोखंडी मुसळं सकाळी सातपासून धाप धाप पडत राहतात. कुणाचा मसाला लाल, कुणाचा काळपट, कुणाचा नुसत्या वासानंच ठसका लावणारा. डोळे मिटून बसले तरी यंत्रात कुठल्या गावचं घर कुटलं जातंय ते मला सांगता येतं.

यंदाही हंगाम लागला आहे. काल पहिली मिरची यंत्रात पडली, पहिला ठसका लागला आणि मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. त्या वर्षी मी दोन कामं करत होते. आठवडाभर मसाला कुटायचा आणि रविवारी मोटारीचे गिअर टाकायचे. मोटार मी चालवत नव्हते. मोटार आमचे मिस्टर चालवत होते. मी शेजारी बसून फक्त गिअर टाकत होते. हे जरा नीट सांगायला हवं.

आमचे मिस्टर, मधुकर, रबाळ्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये एकतीस वर्षं होते. लोखंडाचा तुकडा हातात घेऊन तो किती झिजलाय ते बोटानं सांगणारा माणूस. कारखाना बंद झाला तेव्हा शेठनी जुन्या कामगारांना बोलावून विचारलं, आठवण म्हणून काय हवंय? कुणी लहान लेथ मागितला, कुणी मापाची हत्यारं, एकानं भिंतीवरचं घड्याळ. मला वाटलं होतं, निदान ऑफिसातलं लोखंडी कपाट येईल. मिस्टरांनी गोदामामागं ताडपत्रीखाली पडलेली गाडी मागितली.

शेठच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली विलायती स्पोर्ट्स गाडी. हिरवी, कापडी छपराची, दोनच सीटांची. पुढं लांबलचक नाक, मागं जवळजवळ काहीच नाही. आत बसलं की बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटतं आणि शेजारून जाणारी रिक्षा दुमजली इमारतीएवढी दिसते. ती टेम्पोत घालून आमच्या सोसायटीत आली त्या दिवशी सेक्रेटरींनी "पार्किंगमध्ये भंगार ठेवू नये" अशी नोटीस लावली. चार वर्षांनी ती स्वतःच्या चाकांवर गेटबाहेर पडली, तेव्हा पहिला फोटो त्याच सेक्रेटरींनी काढून घेतला. बॉनेटवर कोपर टेकवून.

त्या चार वर्षांत मिस्टरांनी इंजिन उघडलं, ब्रेक बदलले, वायरी नव्या ओढल्या, सीटांवर माझ्या जुन्या सोफ्याचं रेक्झिन चढवलं. फक्त गिअरबॉक्स त्यांनी उघडला, पाहिला, पुसला आणि होता तसा बंद केला.

"ओरिजिनल आहे," ते म्हणाले. आमच्या घरात हा शब्द कुलदैवताच्या नावासारखा उच्चारला जातो.

ओरिजिनल म्हणजे चारच गिअर. त्यातला पहिला भारी मानी. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडतच नाही. चाकं जरा जरी फिरत असली आणि तुम्ही दांडा पुढं ढकलला, तर आतून दातावर दात घासल्याचा असा आवाज येतो की रस्त्यावरची कुत्री उठून उभी राहतात. आता आमच्या घरापासून पाम बीच रोडपर्यंत सात स्पीड ब्रेकर. इतर गाड्या त्यांच्यावरून हळू जातात. आमची गाडी प्रत्येकासमोर थांबते, विचार करते आणि मग पहिल्यात निघते. लोकांना वाटतं, आम्ही त्यांच्यासाठीच थांबलो. म्हातारी माणसं हात जोडून रस्ता ओलांडतात. एक बाई तर खिडकीशी येऊन, "स्टेशनला सोडता का?" म्हणाल्या. मी त्यांना माझ्या मांडीशिवाय काय देणार होते?

हे खालच्या टोकाचं. वरच्या टोकाला वेगळीच तऱ्हा. साठाच्या पुढं काटा गेला की गाडी पाचवा गिअर मागते. पाचवा नाहीच. मग ती ओरडायला लागते. पाम बीचवर आमच्या अंगावरून पोरंसोरं सुळकन निघून जातात आणि आम्ही विमान उडवल्यासारखा आवाज करत साठानं जातो. एक खरं, त्या रस्त्यावर आमचं कधी भांडण झालं नाही. एकमेकांचं काही ऐकूच येत नव्हतं.

रिव्हर्सबद्दल मी बोलत नाही. तो असतो, पण त्याला आमची गरज नसते. बरेचदा आमचा वॉचमनच गाडी मागं ढकलतो.

तर दोन वर्षांपूर्वी, माझा हंगाम नुकता लागला होता, आणि मिस्टरांचा डावा खांदा धरला. आधी सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. मग कानाला हात लागेना. डॉक्टर म्हणाले, फ्रोझन शोल्डर. सोडायला सहा महिने घेईल, वर्षही घेईल. व्यायाम करा आणि धीर धरा.

गिरणीत बसलेल्या बायकांना धीर वगैरे माहीत नाही. त्यांनी उपाय सांगितले. एकीनं मोहरीचं तेल, एकीनं गरम मिठाची पुरचुंडी, एकीनं "नवऱ्याला लादी पुसायला लावा, आपोआप सुटतो." हा शेवटचा मी करून पाहिला. खांदा सुटला नाही, पण लादी बरी दिसायला लागली.

आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, गिअर डाव्या हाताला. मिस्टरांचा उजवा हात ठणठणीत, दोन्ही पाय ठणठणीत, आणि गिअरचा दांडा पुढं-बाहेर ढकलायची वेळ आली की डोळ्यांत पाणी. पहिल्याच रविवारी त्यांनी गेटपर्यंत गाडी नेली आणि दुसऱ्या गिअरवर येताना "आई गं" असे ओरडले की वॉचमननं गेट लावून घेतलं.

मग ते गाडी चालवेनात. रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन गाडीवरचं कव्हर काढायचे, स्टिअरिंगवर बसायचे, अर्ध्या तासानं कव्हर घालून वर यायचे. मी विचारलं, काय करता तिथं बसून? म्हणाले, "काही नाही. बसतो." एकतीस वर्षं सकाळी सहाची बस धरणारा माणूस. कारखाना बंद पडला त्या दिवशीसुद्धा मी त्यांना असं नुसतं बसलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हा निदान गाडी यायची होती.

अशा वेळी हमीदभाई आले. हमीदभाई मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, आता जुन्या गाड्यांच्या पार्टांचा धंदा करतात. मिस्टरांची आणि त्यांची दोस्ती रबाळ्याची, एका पान्यावरून झालेली. दरवर्षी त्यांच्या घरचा मसाला माझ्याकडंच कुटला जातो. त्या दिवशी ते मिरचीची पिशवी माझ्या हातात देऊन मिस्टरांसमोर खुर्ची ओढून बसले.

"मधूभाऊ, टेन्शन सोडा. माझ्याकडं एक बॉक्स आलाय. पाच गिअर. जपानी. मख्खन! एका बोटानं पडतो. खांदा हालवायचंच काम नाय."

"नको," मिस्टर म्हणाले.

"अरे ऐका तर. बाहेरून गाडी तीच दिसणार. दांडा तोच, गोळा तोच. आत कोण बघायला येतंय?"

"मला माहीत असेल ना."

हमीदभाई माझ्याकडं वळले. "भाभी, तुमी सांगा. दात किडला तर आपण काढतो ना? ओरिजिनल हाय म्हणून ठेवतो काय?"

मला त्यांचं पटत होतं. पण मिस्टरांचं तोंड बघून मी यंत्रात मिरची टाकली. ठसका लागला की चर्चा संपते, हा माझा गिरणीतला अनुभव आहे.

त्या रविवारी दुपारी मी जेवण आवरून खाली गेले आणि गाडीच्या डाव्या सीटवर जाऊन बसले. मिस्टर नेहमीप्रमाणं स्टिअरिंगवर.

"काय झालं?" ते म्हणाले.

"गिअर कसा टाकतात ते दाखवा. मी टाकते. तुम्ही बाकीचं करा."

ते हसले. मग थांबले. मग खिशातून खडू काढला (टूलरूमच्या माणसाच्या खिशात मरेपर्यंत खडू असतो) आणि डॅशबोर्डवर आडव्या रेघेचं एक चित्र काढलं. वर एक, खाली दोन, वर तीन, खाली चार. "मी क्लच दाबला की नंबर सांगेन. तू टाक. मी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बरं."

"आणि ओढायचं नाही. तो आपणहून जातो. त्याला वाट दाखवायची."

इतक्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी इतकं हळुवार बोललेले मला आठवत नव्हतं. ते गिअरबद्दल बोलत होते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पहिला महिना भयंकर गेला. ते "दोन" म्हणायचे आणि मला "चार" ऐकू यायचं. ते खोकले की मी गिअर बदलायचे. एकदा पाम बीचच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं कुणाला तरी "तीन सीट!" म्हटलं आणि मी इमानेइतबारे तिसरा टाकला. गाडी सिग्नलवरच मेली. मिस्टर म्हणाले, "तू कुणाची बायको आहेस, माझी का त्याची?" मागचे हॉर्न वाजवत होते, रिक्षावाला हसत होता, आणि मला कळत नव्हतं की रडावं का उतरून चालत जावं. मी न्यूट्रल केलं. तेवढं मला येत होतं.

पण हळूहळू एक गंमत व्हायला लागली. ते "तीन" म्हणायच्या आधीच माझा हात दांड्यावर जायला लागला. सोळा वर्षं मी गिरणीची मोटर ऐकते आहे. जास्त धान्य पडलं की ती कशी कुंथते, कमी पडलं की कशी रिकामी पळते, हे मला मीटर बघून कळत नाही, पोटात कळतं. गाडीचंही तेच. दुसऱ्यात ती रिकामी पळायला लागली की तिसरा. चौथ्यात कुंथायला लागली की परत तिसरा. त्यात नंबर सांगण्यासारखं काय होतं? मिस्टरांना मात्र हे आवडेना.

"मी सांगितलं का?"

"सांगणारच होतात ना?"

"सांगितल्यावर टाक."

मग मी हात मांडीवर ठेवून, गाडी ओरडत असताना, खिडकीबाहेर खाडीकडं बघत बसायचे. ते दोन श्वास थांबायचे आणि म्हणायचे, "तीन." मी टाकायचे. अशी आमची सत्ता वाटून घेतलेली होती.

एप्रिलच्या शेवटी आनसूबाय आल्या. जासईच्या, सत्तरीच्या पुढच्या, अंगानं बारीक, आवाजानं जाड. दरवर्षी त्या बारा किलो मिरची घेऊन येतात आणि यंत्रासमोर पाटावर बसून शेवटच्या चिमटीपर्यंत नजर ठेवतात. त्या वर्षी चाळीस किलो आणली. नातीचं, प्राचीचं लग्न होतं. गाडी धडधाकट असताना मिस्टरांनी तिच्या वरातीला ती द्यायचं कबूल केलं होतं.

मिस्टर गिरणीत आले आणि ओशाळून म्हणाले, "आनसूबाई, हाताचं असं झालंय. यंदा गाडी जमणार नाही. माफ करा."

आनसूबाय त्यांच्याकडं बघेनात. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "शालनताय, तुजे नवऱ्याचा हात रुसलाय, गारी त नाय ना रुसली? पोरगी चार महिने सगल्यांना सांगतेय, हिरवे गारीन बसून जानार हाय म्हनून. आता काय सांगू तिला?"

"येईल गाडी," मी म्हणाले. "मी आणते यांना."

मिस्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी विचारल्याशिवाय पहिला टाकला होता.

लग्नाच्या दोन दिवस आधी हमीदभाई आपला मसाला न्यायला आले. डबा उघडून वास घेतला, मान डोलावली आणि जाता जाता म्हणाले, "चला, शेवटची वरात मस्त होऊ द्या. सोमवारी मी बॉक्स घेऊन येतोच."

"कसला बॉक्स?"

हमीदभाईंचा चेहरा पडला. "मधूभाऊंनी सांगितलं नाय?"

मिस्टरांनी आठ दिवसांपूर्वीच त्यांना फोन करून होकार दिला होता. ओरिजिनल गिअरबॉक्स काढायचा, पाचाचा बसवायचा. मला राग आला. मी त्या खडूच्या रेघा पाठ केल्या होत्या. तळहाताला घट्टा पडला होता. आणि निर्णय माझ्याशिवाय.

रात्रीच्या जेवणापर्यंत मी थांबले नाही. दुपारीच घरी गेले. "मला का नाही सांगितलं?"

ते आपल्या डाव्या हाताकडं बघत बसले. मग म्हणाले, "तू सकाळी सातला उभी राहतेस. आठवडाभर मिरचीत. एक रविवार मिळतो, तर तो मी असा घालवतो. शेजारी बसवून. माझ्या हाताची बदली म्हणून. बरं नाही वाटत."

मला म्हणायचं होतं की मला आवडतं. पण तोवर ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "ताक देऊ का?"

लग्नाच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. बेलापूर सोडलं आणि उरणच्या रस्त्याला लागलो. मागं कंटेनर, पुढं कंटेनर, बाजूला कंटेनर. त्या उंच पेट्यांच्या मध्ये आमची गाडी म्हणजे गुरांच्या बाजारात हरवलेलं कोकरू. छप्पर उघडं होतं, कारण वरातीला उघडंच हवं असा प्राचीचा निरोप होता. सगळी धूळ आमच्या डोक्यावर. मी जरीच्या साडीवर टॉवेल पांघरला होता.

जासईच्या अलीकडं एका पुलाची चढण आहे. तिथं सगळी रांग हळूहळू सरकत होती. थांबत नव्हती, हेच वाईट. दुसऱ्यात गाडी कुंथायला लागली, अंगभर थरथरली. पहिला हवा होता, आणि पहिला तर थांबल्याशिवाय पडत नाही. थांबावं तर चढण, मागं दोन हातांवर ट्रेलरचं नाक. हँडब्रेकही मध्येच, म्हणजे तोही माझ्याच हाती, आणि तो फारसा भरवशाचा नाही.

"मरणार ही," मिस्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "मागं गेली तर..."

डबल क्लच काय असतो ते त्यांनी मला महिनाभरापूर्वी सांगितलं होतं. पूर्वीचे ट्रकवाले करायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनाला रेस, परत क्लच, मग गिअर. आतल्या दोन्ही चाकांचा वेग जुळला की दात न घासता बसतो. "एकट्याला जमायला वर्ष जातं," असंही ते म्हणाले होते. आम्ही तर दोघं होतो.

"दाबा," मी म्हणाले.

"काय?"

"क्लच दाबा!" त्यांनी दाबला. मी दांडा मध्ये आणला. "सोडा. आता रेस. अजून. अजून थोडी. पुरे, दाबा!"

इंजिनाचा आवाज वर चढला, आणि एका क्षणी तो बरोबर झाला. कसा ते मला सांगता येणार नाही. यंत्रात मूठभर मिरची टाकायची वेळ जशी कळते, तसा. मी दांडा पुढं सरकवला. तो गेला. नुसता गेला. लोण्यात सुरी जावी तसा. क्लच सुटला, गाडीनं नाक वर केलं आणि आम्ही चढलो.

पुलाच्या माथ्यावर मिस्टर म्हणाले, "आवाज नाही आला."

"कसला?"

"दातांचा." मग समोर बघत, "आजवर डबल क्लच दहा वेळा केला, तर मला तीनदा जमलाय."

शेजारच्या ट्रेलरचा पिकल्या मिशांचा ड्रायव्हर केबिनमधून खाली वाकून आमच्याकडं बघत होता. त्यानं एकदा मिस्टरांकडं पाहिलं, एकदा माझ्या हाताकडं, आणि कपाळाला हात लावून सलाम केला. कुणाला केला यावर आमचा अजून वाद आहे.

जासईला पोचल्यावर एक साधा प्रश्न उभा राहिला, जो महिनाभरात कुणालाच सुचला नव्हता. गाडीत सीटा दोन. एकावर मिस्टर, एकावर मी. नवरा-नवरी कुठं?

आनसूबायनं कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली. "ताय, तू उतर. पोरगी तुजे जाग्यावर बसंल."

"मग गिअर कोण टाकणार?"

"नवरा."

नवरदेवानं घाबरून डॅशबोर्डवरचं खडूचं चित्र पाहिलं. शेवटी दोघांना मागं, गुंडाळलेल्या छपरावर चादर घालून बसवलं, पाय आमच्या दोन सीटांच्या मध्ये. प्राची हिरव्या चुड्यातला हात हलवत खूश. नवऱ्याचा एक बूट माझ्या खांद्याला लागत होता. पण जावयाला काय बोलणार? तो माझा नव्हता, तरीही.

बँजोची गाडी पुढं, नाचणारे मध्ये, आम्ही मागं. वरात चालण्यापेक्षाही हळू. दहा पावलं आणि थांब. म्हणजे पहिला, न्यूट्रल, पहिला, न्यूट्रल. मुलीचे एक काका कॉर्डलेस माईकवरून पाहुण्यांची नावं पुकारत होते. मध्येच त्यांना नाचायची हुक्की आली. त्यांनी माईक आमच्या दोन सीटांच्या मध्ये, हँडब्रेकपाशी ठेवला आणि "जरा सांभाळा" म्हणून गर्दीत घुसले.

माईक चालू होता.

एक गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत सगळ्या जासईनं माझा आवाज ऐकला, "अहो, क्लच दाबायला तुम्हाला वेगळं निमंत्रण द्यायचं का?"

आणि त्यावर मिस्टरांचा आवाज, "नंबर मी सांगणार! मी सांगितल्याशिवाय टाकायचा नाही!"

"मग सांगा ना! नंबर काय लग्न लागल्यावर सांगणार?"

"लागलंय त्यांचं!"

"म्हणूनच!"

सगळे वळले. मला आधी कळेना की लोक का हसताहेत. मागून प्राचीनं माझ्या कानाशी वाकून म्हटलं, "काकू, भांडण सगळं स्पीकरवर जातंय." मी माईक बंद करायला उचलला, तर बटण सापडेना. मिस्टर म्हणाले, "न्यूट्रल!" तेही गेलं. बँजोवाल्यांनी काय ऐकलं देव जाणे, ढोलकीवाल्यानं "न्यूट्रल" वर एक थाप दिली आणि पोरं ओरडली, "न्यूट्रल!" मग मिस्टर "एक!" म्हणाले, सगळे "एक!" ओरडून पुढं उडी मारू लागले. "न्यूट्रल!" झालं की थांबायचं. पुढचा पाऊण तास वरात आमच्या गिअरबॉक्सवर नाचली. नवराही मागून ओरडायला लागला. आनसूबाय पदर खोचून गाडीच्या नाकापुढं नाचत होत्या आणि दर "एक"ला मिस्टरांकडं बोट दाखवत होत्या.

मी हळूच शेजारी पाहिलं. मिस्टर लाजले होते, आणि ओरडत होते. खांदा धरल्यापासून मी त्यांचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता.

सोमवारी हमीदभाई ठरल्याप्रमाणं टेम्पो घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेला तो पाच गिअरांचा बॉक्स मागं पडला होता. मिस्टर गिरणीच्या दारात उभे राहून माझ्याकडं बघत राहिले. माझ्या हातात कुणाचा तरी काळा मसाला होता.

"हमीदभाई," मी म्हणाले, "हा बॉक्स परत न्या."

"का भाभी? एका बोटानं पडतो!"

"म्हणूनच. बाकीच्या बोटांनी मी काय करू?"

हमीदभाई एकदा माझ्याकडं, एकदा मिस्टरांकडं बघून कपाळाला हात लावून हसले. "तुमी दोघं बी ओरिजिनल," म्हणाले आणि टेम्पोवाल्याला वळवायला सांगितलं.  संध्याकाळी मिस्टर पार्किंगमध्ये नुसते बसायला गेले नाहीत. गिरणीत आले आणि उजव्या हातानं माझं यंत्र झाडून दिलं.

पाऊस आला, हंगाम संपला. फिजिओथेरपीच्या ताई मिस्टरांना भिंतीवर बोटं चालवायला लावत होत्या. आज खांद्यापर्यंत, उद्या कानापर्यंत. गणपती झाले. रविवारी आम्ही जातच होतो. हात कसा आहे विचारलं की म्हणायचे, "आहे तसाच. वेळ घेणार म्हणाले होते ना?" मीही म्हणायचे, घेऊ द्या.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी लाइट गेले म्हणून मी गिरणी बंद करून लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मिस्टर स्टुलावर उभे राहून पंखा पुसत होते. डाव्या हातानं. हात सरळ वर, कोपर ताठ, पात्याच्या पार टोकापर्यंत फडकं जात होतं, आणि तोंडानं शीळ. मी दारातच थांबले. दोन पाती चकाचक झाली होती.

माझ्या चपलेचा आवाज झाला. हात एकदम खाली आला. ते स्टुलावरून उतरले आणि उजव्या हातानं डावा खांदा चोळत म्हणाले, "लवकर आलीस?"

"लाइट गेले," मी म्हणाले. "पंख्याचं तिसरं पातं राहिलं वाटतं."

"हात वर जात नाही गं."

"मग राहू दे. मी पुसते."

त्या रविवारी गाडीवरचं कव्हर काढलं. ते स्टिअरिंगवर बसले, मी डावीकडं. चावी फिरवण्याआधी मी विचारलं, "दुखतोय अजून?"

"दमट हवेत जरा जास्तच," ते समोर बघत म्हणाले.

बाहेर ऑक्टोबरचं कोरडं ठणठणीत ऊन पडलं होतं. त्यांनी क्लच दाबला. नंबर सांगितला नाही. मी पहिला टाकला.